भूपालअण्णांचा साक्षीदार

सोमवार, ९ जून १९९७. रक्कम शेहेचाळीस रुपये. त्यातले तीस डॉक्टरांची फी आणि सोळा दहा गोळ्यांच्या पाकिटाचे. हजर चौघे : डॉक्टर, भूपालअण्णा मगदूम, त्यांच्या पत्नी पद्माक्का आणि मी. ठिकाण राजारामपुरीतल्या एका मानसोपचारतज्ज्ञांचा दवाखाना, पहिला मजला. जिना चढताना पद्माक्कांनी दोनदा मागे वळून बघितलं, कारण खाली रिक्षा थांबायच्या आणि वरच्या पाटीवर डॉक्टर कशाचे आहेत ते मोठ्या अक्षरात लिहिलं होतं.

"शेवटची कधी घेतलीत?" डॉक्टरांनी विचारलं.

"शुक्रवारी. जेवणाच्या आधी."

"नक्की?"

"जेवण केलंच न्हाई त्या दिवशी, पण आधी हुती."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी पांढरी गोळी कागदावर ठेवली आणि एकेक गोष्ट सावकाश सांगितली. ही गोळी अंगात असताना दारू पोटात गेली तर चेहरा लाल होईल, छाती धडधडेल, ओकाऱ्या होतील, रक्तदाब उतरेल. जास्त गेली तर जीवही जाऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही आठ-पंधरा दिवस हा धोका राहतो. "दारू कुठल्याही रूपात नको," ते पद्माक्कांकडे बघून म्हणाले. "खोकल्याचं औषधसुद्धा मला विचारल्याशिवाय द्यायचं नाही."

"ह्यांना खोकला न्हाई," पद्माक्का म्हणाल्या.

मग एका कागदावर दोघांच्या सह्या झाल्या. डॉक्टरांची शेवटची अट अशी होती की, गोळी रोज कुणाच्या तरी समोर, पाण्यात विरघळवून घ्यायची. त्यांनी अर्थातच पद्माक्कांचं नाव लिहायला घेतलं. अण्णांनी हात वर केला.

"तिच्या हातनं नगं. ती बायकोची गोळी हुईल. रोज सकाळी भांडान. हे सावंत समोर राहत्यात, पतसंस्थेत हिशेब तपासत्यात. ह्या माणसानं आजवर मला एक रुपाया सोडला न्हाई आन् माझा एक रुपाया ठिवला न्हाई. ह्यांचं नाव घाला."

माझं नाव घातलं गेलं. म्हणून अण्णांबद्दल काही सांगायचा अधिकार मला थोडाफार आहे.

*

भूपालअण्णांचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान आमच्या घरासमोर होतं. वर त्यांचं राहणं. घराणं जैन, मूळचं शिरोळ भागातलं. घरात कांदा-लसूण नाही, पाणी गाळल्याशिवाय नाही, आणि पद्माक्का सूर्य मावळल्यावर पाण्याचा थेंबही घेत नसत. अशा घरात अण्णा जन्मले होते. अंगानं आडवे, आवाज गल्लीच्या दुसऱ्या टोकाला जाणारा, आणि अक्षर मात्र मोत्यासारखं.

अक्षराचं सांगतो, कारण अण्णांची ओळख तीच. तेव्हा लग्नात, वास्तुशांतीला, बारशाला भांडी द्यायची पद्धत होती आणि भांड्यावर नाव घातल्याशिवाय ते भांडं दिलं असं कुणी मानत नसे. नाव घालायचं मशीन म्हणजे जाडसर पेनासारखं, पुढं सुई, चालू केलं की झुर्र असा आवाज. अण्णा भांडं मांडीत घेऊन, आधी न आखता, वाटीच्या गोल कडेवरसुद्धा सरळ रेषेत लिहीत. राजारामपुरीतल्या निम्म्या स्वयंपाकघरांत त्यांचं अक्षर होतं. आमच्या घरात त्यांच्या हातची एकवीस भांडी आहेत.

मजुरी अक्षराला पंचवीस पैसे, पुढं पन्नास झाले. पण एक नियम त्यांनी कधी मोडला नाही. 'कै. अमुक यांचे स्मरणार्थ' असं कुणी घालायला आणलं, तर त्याची मजुरी घ्यायची नाही. कुणी आग्रह केला तर म्हणत, "मेलेल्या माणसाकडनं काय घ्यायचं? त्याचं गिऱ्हाईकपण संपलं की."

एकदा एक तरुण रागानं लाल होऊन परातीसकट आला. सासऱ्याशी बिनसलं होतं. परातीवरचं सासऱ्याचं नाव घासून काढा म्हणाला.

"काढतो की," अण्णा म्हणाले. "पर एक सांगू? नाव घासून जात न्हाई पावणं, भांडं पातळ हुतंय."

तो परात घेऊन परत गेला. पुढं त्याच्या मुलाच्या बारशाची भांडी अण्णांकडूनच गेली. ही गोष्ट अण्णा दर महिन्याला एकदा सांगत आणि दर वेळी सासरा थोडा अधिक वाईट होत जाई.

*

ते कधी प्यायला लागले ते मला माहीत नाही. आम्ही समोर राहायला आलो तेव्हा दुकान उघडताना त्यांचा हात कापत असे आणि अकरा वाजता थांबत असे, एवढं मी पाहिलं होतं. घरात बाटली आणणं शक्य नव्हतं. पण भांड्यांच्या दुकानात बाटलीची गरज काय? शेकडो डबे, घागरी, लोटे, किटल्या. अण्णा दारू कुठल्यातरी लोट्यात ओतून, वर झाकण ठेवून, मांडणीवर लावून देत.

पद्माक्का शाळा फारशी शिकल्या नव्हत्या, पण त्यांनी यावर उपाय काढला होता. अण्णा दुपारी झोपले की त्या वरणाचा डाव घेऊन दुकानात उतरत आणि एकेक भांडं वाजवीत जात. टण्ण, टण्ण, टण्ण. रिकामं भांडं वाजतं, भरलेलं बसक्या आवाजात बोलतं. टप्प असा आवाज आला की त्या तिथंच थांबत. समोरच्या खिडकीतून मला ते ऐकू येई. त्या भांड्याला त्या हातही लावीत नसत. कामाच्या बाईला बोलावून ते गटारीत ओतायला लावीत, मग राखेनं सात वेळा घासून घेत. हे वर्षानुवर्षं चाललं होतं. अण्णा उठून आले की मांडणीकडे एकदा बघत, एकदा त्यांच्याकडे, आणि म्हणत, "आज काय सापडलं काय इन्स्पेक्टर?"

विनोद होता, पण पद्माक्का हसताना मी कधी पाहिल्या नाहीत.

त्यांच्यात महाराजांसमोर नियम घ्यायची पद्धत आहे. चातुर्मासाला मुनी मुक्कामी आले की लोक बस्तीत, म्हणजे त्यांच्या मंदिरात जाऊन, एखादी गोष्ट सोडल्याचा नियम घेतात. अण्णांनी दारूचा नियम दोनदा घेतला होता. पहिला चातुर्मास संपेपर्यंत टिकला. नंतर मी विचारलं, तर म्हणाले, "महाराज गेले त्यांच्या पायानं. नियम गेला त्यांच्या मागनं." दुसरा त्याहूनही कमी टिकला. तेव्हा मात्र ते विनोद करत नव्हते. "महाराजांस्नी फसवलं तर महाराजांस्नी कळत न्हाई," ते म्हणाले. "हीच अडचण हाय."

दवाखान्यात गेलो त्याच्या दोन दिवस आधी त्यांचा मुलगा अजित, जो शिरोलीच्या एका कारखान्यात नोकरीला होता, त्यानं वडिलांना माझ्यासमोर सांगितलं, "आप्पा, आता शेवटचं. ह्याच्या पुढं एकदा जरी प्यालात तर आव्वाला घेऊन मी निघालो. मग रहावा एकटे भांड्यात." अजितचा आवाज चढला नव्हता. म्हणूनच अण्णा घाबरले. त्यानंतर त्यांनी स्वतःच त्या डॉक्टरांचा पत्ता काढला.

*

रोज सकाळी साडेनऊला, मी कामावर जायच्या आधी, अण्णा दुकानाच्या गादीवर तयार असत. स्टीलचा छोटा पेला, बिननावाचा. गोळी पाण्यात टाकून ते बोटानं ढवळत, गढूळ पाणी एका दमात पीत, पेला माझ्यासमोर उलटा धरत, मग तोंड उघडून जीभ वर करून दाखवत. "बघा. गोडाऊन रिकामं."

डॉक्टरांनी सांगितलेलं एक वाक्य त्यांना फार पटलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, गोळी दारू सोडवत नाही. दिवसभरात शंभर वेळा 'नको' म्हणण्याऐवजी सकाळी एकदाच म्हणायला लावते. अण्णांनी त्याचं आपलं रूप केलं. गल्लीत, बस्तीत, गिऱ्हाइकांना ते बिनदिक्कत सांगत, "माझ्या शब्दावर इस्वास ठिवू नका. म्या लई शब्द दिलेत. गोळीवर ठिवा. माझ्या पोटात साक्षीदार बसवलाय. प्यालो की त्यो बोंब मारणार. गोळी खोटं बोलत न्हाई."

लपवाछपवीच्या इतक्या वर्षांनंतर त्यांना हे उघड सांगण्यात एक चव लागली होती, असं मला वाटे.

एकदा मी नात्यातल्या लग्नासाठी मलकापूरला गेलो होतो. परत आलो तर अण्णा म्हणाले, गोळी चुकली नाही, साक्षीदार होता. कोण? कोडोलीचा एक अनोळखी शेतकरी घागर घ्यायला आला होता. त्याला त्यांनी गादीवर बसवलं आणि सांगितलं, "पावणं, एक मिनिट. मी काय करतोय तेवढं नीट बघा. उद्या सावंतांनी इचारलं तर सांगाय लागंल." त्या बिचाऱ्यानं जीभसुद्धा तपासली. महिन्याभरानं तो पुन्हा आला, आणि दुकानात पाय ठेवताच सगळ्यांदेखत ओरडला, "काय अण्णा, गोळी घेटलासा का न्हाई?" अण्णांनी त्याला चहा पाजला आणि घागरीचं झाकण फुकट दिलं.

श्रावण गेला, गणपती गेले, दिवाळी गेली. हात थांबला. नावं सरळ यायला लागली. पद्माक्कांचा डाव दुपारी वाजेनासा झाला. एकदा संध्याकाळी मी दुकानावरून जात होतो, तर त्या उजेड असेतो जेवून घ्या म्हणून अण्णांना वर बोलवत होत्या आणि अण्णा म्हणत होते, "आलो, आलो. सूर्याला म्हण थांब जरा." पद्माक्का हसल्या. ते मी ऐकलं.

जानेवारीत अजितचं लग्न ठरलं. मुलगी सांगलीकडची, त्यांच्याच समाजातली. मुलीच्या चुलत्यांनी चौकशी केली तेव्हा अण्णांनी काही लपवलं नाही. त्यांना दुकानात बसवून गोळी दाखवली. चुलते म्हणाले, "मोकळ्या मनाचा माणूस." साखरपुडा फेब्रुवारीत, राजारामपुरीतल्याच एका कार्यालयात ठरला.

*

आता जे सांगायचं ते नीट क्रमानं सांगतो.

डॉक्टरांनी दुसऱ्या खेपेपासून गोळीबरोबर ताकदीच्या कॅप्सूल दिल्या होत्या. पद्माक्का प्रत्येक खाण्याच्या वस्तूची चौकशी करत; बिस्किटाच्या पुड्यावर काय लिहिलंय ते मला वाचायला लावत. साखरपुड्याच्या आदल्या आठवड्यात बस्तीत प्रवचनात त्यांनी ऐकलं की कॅप्सूलचं वरचं आवरण हाडांपासून काढलेल्या जिलेटिनचं असतं. घरी येऊन त्यांनी सगळ्या कॅप्सूल टाकून दिल्या आणि स्वतः आंघोळ केली. आठ महिने आपल्या हातानं नवऱ्याला हाडं चारली, असं त्या माझ्या बायकोजवळ बोलल्या.

पण ताकदीला काहीतरी हवंच होतं. अण्णा वाळले होते आणि पाहुणे येणार होते. आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात त्यांनी मनुकांचं एक टॉनिक घेतलं. त्यांनी विचारलं, "ह्यात प्राण्याचं काही न्हाई न्हवं? मध न्हाई न्हवं?" दुकानदार म्हणाला, "नाही बाई, सगळी झाडपाल्याची आणि गुळाची. शुद्ध." त्यांना जे विचारायचं होतं ते त्यांनी विचारलं, आणि त्यानं खरं तेच उत्तर दिलं.

साखरपुड्याच्या सकाळी अण्णांनी माझ्यासमोर नेहमीप्रमाणे गोळी घेतली. नवा सदरा, गांधी टोपी. कार्यालयात निघायच्या आधी, वर घरात, पद्माक्कांनी त्यांना त्या टॉनिकचा अर्धा पेला दिला. चमच्यानं द्यायचं ते अर्धा पेला दिलं. आज उभं राहायचंय म्हणून.

मुलीच्या ओटीत नारळ पडायच्या आतच अण्णांचा चेहरा लाल व्हायला लागला. आधी वाटलं उन्हानं. मग मान, कान, डोळे. त्यांनी छातीवर हात धरला, खांबाला टेकले आणि भर मांडवात, मुलीच्या आजीच्या पायापाशी ओकले. मग खाली बसले, आणि मग पडले.

तिथं जमलेल्या प्रत्येकाला या लक्षणांचा अर्थ माहीत होता. अण्णांनीच तो सगळ्यांना सांगून ठेवला होता.

मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. ओकारीला दारूचा वास नव्हता. मनुकांचा आणि मसाल्याचा गोडसर वास होता. मी तसं अजितला सांगितलं.

"व्होडकाला वास नसतो, काका," अजित म्हणाला. मग वडिलांकडे वाकून, दात आवळून, "आजच्या दिवशी? आप्पा, आजच्या दिवशी?"

"म्या घेटली न्हाई," अण्णा म्हणाले. "आज्ज्याची शपत. म्या घेटली न्हाई रं."

"तुम्हीच म्हणत हुता न्हवं, गोळी खोटं बोलत न्हाई?"

अण्णांनी डोळे मिटले. पद्माक्का भिंतीशी उभ्या होत्या, पदराचा बोळा तोंडात धरून.

दवाखान्यात सलाइन लावलं. तिथल्या डॉक्टरांनी "काय घेतलं होतं?" असं विचारलं, तेव्हा अण्णांच्या आधी अजितनं उत्तर दिलं. गोळी देणारे डॉक्टर त्या आठवड्यात गावी नव्हते. दुसऱ्या दिवशी अण्णा घरी आले. लग्न मोडलं नाही, पण मुलीच्या चुलत्यांनी अट घातली की मुलगी सासऱ्याच्या घरात नांदणार नाही. अजितनं आठ दिवसांत फ्लॅट भाड्यानं घेतला आणि शब्द दिल्याप्रमाणे आईला घेऊन गेला. पद्माक्का जिना उतरताना मी खिडकीत होतो. हातात पाणी गाळायचं फडकं होतं. ते ट्रंकेत ठेवायचं राहिलं होतं.

*

अण्णा पुन्हा गोळी घ्यायला गादीवर बसले नाहीत. मी साडेनऊला गेलो तर ते पेल्याकडे बोट करून म्हणाले, "साक्षीदार फुटला, सावंत. केस खलास."

मी डॉक्टरांकडे चला म्हटलं. त्यांनी मान हलवली. गोळीचा अंमल राहतो म्हणून सांगितलेले दिवस त्यांनी काटेकोरपणे जाऊ दिले, आणि मग बाटली आणली. आता लोट्यात ओतली नाही. गादीवर, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. लपवायचं कुणापासून?

मार्चमध्ये पद्माक्का आमच्याकडे आल्या. पिशवीत ते टॉनिक होतं, निम्म्याहून अधिक उरलेलं. "साखरपुड्याच्या सकाळी अर्धा पेला दिलं हुतं, तेच हे. तुमच्या हातनं त्यास्नी द्या. मी दिलं म्हणू नका. नुसती हाडं राहिल्यात म्हंत्यात लोकं."

मी बाटली घेतली. कुठलाही कागद वाचल्याशिवाय पुढं सरकवायचा नाही, ही माझी नोकरीतली सवय. लेबलच्या तळाशी, बारीक अक्षरात, लिहिलं होतं की यात नैसर्गिकरीत्या तयार झालेला मद्यार्क आहे, पुढं टक्केवारी. मी ते दोनदा वाचलं आणि बाटली घेऊन थेट डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी झाकण काढून वास घेतला. लेबल उजेडात धरून वाचलं. "किती दिलं होतं?"

"अर्धा पेला."

"पुरे होतं तेवढं," ते म्हणाले. "आसवं, अरिष्टं मुरवूनच करतात. मी खोकल्याचं औषध म्हणालो. हेही म्हणायला हवं होतं." मग म्हणाले, "त्यांना घेऊन या. पुन्हा सुरुवात करू."

मी जवळजवळ धावतच दुकानात गेलो. मला वाटत होतं, मी निकाल फिरवणारा कागद घेऊन चाललोय. अण्णांनी लेबल वाचलं. बाटली गादीवरच्या दुसऱ्या बाटलीशेजारी ठेवली आणि हसायला लागले. ते हसणं बघवत नव्हतं.

"जिभेला कळलं हुतं सावंत, तवाच. जीभ म्हणाली, वळखीचं कोनतरी आलंय. मला वाटलं, माझीच जीभ चोर हाय. बायकोच्या हातच्या औषधात बी दारूच शोधतीया."

"चला, अजितकडे जाऊ. आत्ता जाऊ."

अण्णांचं हसणं थांबलं. "कुनाला सांगितलासा?"

"फक्त डॉक्टरांना."

"मग तितंच ऱ्हाऊ दे."

मला समजेना. ते पुढं झुकले. दारूचा वास येत होता, पण डोळे स्वच्छ होते.

"ती बाई पानी गाळून पिती. कॅप्सूल टाकल्या तर आंघूळ केली तिनं. तिच्या सोताच्या हातनं नवऱ्याला दारू पाजली, भर मांडवात पाडला, घर मोडलं, हे तिला सांगू? अन्न सोडंल ती. तुमास्नी आमची लोकं म्हाईत न्हाईत. पराश्चित्त म्हणून पान्याचा थेंब घ्याची न्हाई, आन् डोळ्यादेखत जाईल. मला बेवडा म्हनत्यात, म्हनूं द्यात. त्यात खोटं काय हाय? आधीची वीस वर्सं हुतोच की."

"अजितला तरी सांगू. तो आईला सांगणार नाही."

"पोरगं हाय. आईला कळंलच." त्यांनी माझा हात धरला. "सावंत, तुमी माझा साक्षीदार हुता न्हवं? मग आता साक्ष द्याची न्हाई. शब्द द्या."

मी शब्द दिला. पद्माक्का वारल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. अजितलाही मी मागच्या वर्षी भेटून सगळं सांगितलं. म्हणून आज लिहितोय.

*

त्या दिवशी आणलेल्या टॉनिकचं अण्णांनी काय केलं, तर ते त्यांनी स्वतः गटारीत ओतलं. दारूची बाटली मात्र ठेवली.

मी त्यांच्या मागे लागणं सोडलं नाही. पावसाळ्यात एकदा ते आले माझ्याबरोबर डॉक्टरांकडे. "पुन्हा बसवा साक्षीदार," म्हणाले. डॉक्टरांनी त्यांच्या डोळ्यांत बघितलं, पोट दाबलं, रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट आल्यावर म्हणाले, आता ही गोळी देता येणार नाही, यकृत सोसणार नाही. दुसरी औषधं लिहून दिली, दोनदा दाखल केलं. दोन्ही वेळा अण्णा थोडे दिवस बरे राहिले. पण रिकाम्या घरात वर चढून जाणाऱ्या माणसाला जिना मोठा असतो.

अजितच्या लग्नाला ते आले, मागच्या रांगेत बसले आणि जेवायच्या आधी निघून गेले. आहेराची भांडी त्यांनी माझ्यामार्फत पाठवली होती. ताटं, वाट्या, पेले, सगळ्यांवर नवरानवरीची नावं. अक्षरं हेलकावत गेलेली, उकार खालच्या ओळीत घुसलेले. देणाऱ्याचं नाव नव्हतं. पद्माक्कांनी एक वाटी उचलली, अंगठ्यानं अक्षरांवरून हळूच घासलं आणि वाट्यांच्या चवडीत सगळ्यात खाली ठेवली.

मी अण्णांना शेवटचं पाहिलं ते २००१च्या जानेवारीत, दुपारी. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. आतून आवाज येत होता : टण्ण, टण्ण, टण्ण. क्षणभर मला वाटलं पद्माक्का परत आल्या. वाकून आत गेलो. अण्णा एकटेच. पोट फुगलेलं, हातपाय काड्यांसारखे, चेहरा हळदीचा. हातात डाव होता, आणि भिंतीला धरून, मांडणीवरचं एकेक भांडं वाजवत ते पुढं सरकत होते.

"काय शोधताय अण्णा?"

"कुटं काय," ते म्हणाले. "आवाज बघतोय. सगळी रिकामी हायत बघा. एक बी बसकं बोलत न्हाई." मग डाव माझ्यापुढं धरून, "घ्या, तुमी बी वाजवून बघा. साक्षीदार लागतोय की."

मी तीन-चार भांडी वाजवली. खरंच सगळी रिकामी होती. पुढच्या आठवड्यात सरकारी दवाखान्यात ते वारले.

*

वर्षश्राद्ध त्यांच्यात आमच्यासारखं करत नाहीत. पण पद्माक्कांना बस्तीत अण्णांच्या नावानं एक ताट द्यायचं होतं. अजितनं दुकान विकलं होतं. ताट घेऊन त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "नाव घालून आणा. मी भांड्यांच्या दुकानात एकटी जाऊ शकत न्हाई." मी निघालो तर मागून म्हणाल्या, "सावंतभाऊ, एक विचारू? तुम्ही रोज बघत हुता. त्या दिवशी घेतली हुती का हो त्यांनी?"

"नाही," मी म्हणालो.

"पक्कं?"

"पक्कं. त्यापलीकडे मला काही सांगता येणार नाही."

त्यांनी माझ्या हातातलं ताट पदरानं पुसलं. मग म्हणाल्या, "मला बी आतनं तसंच वाटायचं. पर गोळी कशी खोटी म्हनायची?" आणि थोड्या वेळानं, "खाली माझं नाव बी घाला."

पुढच्या गल्लीत नवं दुकान होतं. मशीन नवं, अक्षर साधारण. 'कै. भूपाल मगदूम यांचे स्मरणार्थ', खाली 'पद्मावती'. दुकानदारानं पेन्सिलीनं मोजून सांगितलं, अठरा अक्षरं, अक्षराला रुपया. टिंबाचे पैसे नाहीत. 'स्मरणार्थ'ची मजुरी घेता का, असं मी विचारलं. त्यानं मशीन चालू केलं.

रक्कम अठरा रुपये. मी आधी भरले होते. पद्माक्कांनी पदराच्या गाठीतून सोडून माझ्या हातावर ठेवले. नको म्हणावं असं तोंडावर आलं होतं. पण ते देणं त्यांचं होतं, म्हणून घेतले.